न वाजणारा भोपळा

“इलास्टिक कशाला लावायचंय? परकराला, की पोरांच्या चड्डीला?”

दुकानदाराच्या प्रश्नात गैर काहीच नव्हते. मिरजेच्या बाजारातल्या त्या फिती-बटणांच्या दुकानात इलास्टिकचे याखेरीज तिसरे प्रयोजन आजवर कोणी सांगितले नसावे. माझ्या नणंदेने, कुमुदवन्संनी, पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क बाहेर काढली आणि बारशाला मूल दाखवावे तशी ती काउंटरवर ठेवली.

“हिला,” त्या म्हणाल्या. “झोपाळा करायचाय. अशा दोघीजणी आहेत.”

दुकानदाराने डिस्ककडे पाहिले, मग आमच्याकडे. एक साठी उलटलेली निवृत्त टेलिफोन-इंजिनियर आणि एक साठीला टेकलेली संगीतशास्त्राची प्राध्यापक. आमच्या चेहऱ्यांवरून त्याला कोणताही निष्कर्ष काढता आला नसावा, कारण त्याने निमूटपणे चार प्रकारचे इलास्टिक पुढे टाकले. वन्संनी पहिले दोन हातांत ताणले, कानाशी नेले आणि बोटाने छेडले.

“हे वाजतंय.”

दुसरेही वाजले. तिसरे त्यांनी कुरकुरते म्हणून बाजूला सारले. चौथे, बोटभर रुंद आणि मऊ विणीचे, छेडल्यावर गप्प राहिले. मुलीला मनाजोगते स्थळ मिळाल्याचे समाधान वन्संच्या चेहऱ्यावर पसरले.

“आवाज येतो म्हणून इलास्टिक परत करणारं गिऱ्हाईक,” तुकडा कापता कापता दुकानदार म्हणाला, “आमच्या वडिलांनीपण बघितलं नसंल.”

बाहेर पडून आम्ही शेजारच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्या हसण्याला आता बरीच वर्षे झाली. ते लक्षात राहिले याचे कारण, त्याआधी कित्येक महिने मी मुळीच हसले नव्हते. मी रागावलेली होते. आणि माझा राग आरडाओरडा करणारा नाही, तळटीपा देणारा आहे.

रागाचा विषय असा. अंबूताई नेर्लेकर या माझ्या गुरू. त्यांनी रेडिओला नकार दिला, तबकड्यांना नकार दिला, आणि मैफलींना एवढ्या अटी घातल्या की तोही नकारच ठरला. त्यांचे गाणे म्हणजे त्यांच्या खोलीतला रियाज. तो ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी एकट्या मला होती, तीही यंत्र त्यांच्या नजरेला पडता कामा नये या बोलीवर. टेपरेकॉर्डर पाटाखाली दडवून मी अर्धे आयुष्य कॅसेटी भरल्या. निवृत्त होताना, त्यांना बुरशी लागण्याआधी त्या जाणत्या हातांत पडाव्यात म्हणून, मी त्या एका नामांकित संशोधन-संस्थेच्या स्वाधीन केल्या. संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. स्मरणात राहण्याची तिला अतोनात हौस असल्याने, तिला देता येण्याजोगी तेवढी एकच शिक्षा माझ्या हाती आहे.

संस्थेने कॅसेटींचे संगणकीय रूपांतर केले आणि त्याबरोबर, कोणी मागितले नसताना, ‘शुद्धीकरण’ही केले. अहवालात नमूद होते की सर्व मुद्रणांत आरंभापासून अखेरपर्यंत एक सततचा गुंजारव आढळला. तो सदोष वीजजोडणीमुळे आला असावा. अत्याधुनिक प्रणालीच्या साहाय्याने तो समूळ दूर करण्यात आला आहे.

तो गुंजारव म्हणजे तंबोरा होता.

मूळ कॅसेटी जागेअभावी नष्ट करण्यात आल्या होत्या. हेही अहवालातच होते, अभिनंदनाच्या परिच्छेदाच्या किंचित वर.

एवढ्यावर मी कदाचित एखादा जळजळीत निबंध लिहून थांबलेही असते. पण संस्थेने या संग्रहाचा उद्घाटन-समारंभ ठेवला, अंबूताईंना शाल पांघरून पहिल्या रांगेत बसवले, आणि भर सभागृहात त्यांचाच पूरिया मोठमोठ्या स्पीकरांतून सोडला. अंबूताई ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून अगदी हळू विचारले, “सरू, ही कोण बाई? उघडी का गातेय?”

मी सांगितले. काय झाले आहे, तेही सांगितले. त्यांनी मान हलवली.

“मीच ती. म्हणजे मी जन्मभर अशी गायले. जागेवर नसलेली.”

सूर हा तंबोऱ्याच्या संगतीतच सूर असतो. पायाखालची जमीन काढून घेतली की सरळ चालणाराही झोकांड्या खाताना दिसतो. हे मी त्यांना परतीच्या प्रवासात समजावले आणि पुढे कितीतरी दिवस समजावत राहिले. हे मला त्यांनीच शिकवले होते. पण त्यांचे उत्तर ठरलेले असे: यंत्राला माझ्याशी काय वैर? होतं ते त्यानं ऐकवलं. मी तीच मुद्रणे शेजारी तंबोरा लावून पुन्हा ऐकवते म्हटले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “झाकायला तंबोरा लावू नकोस, सरू.” त्यांनी आपल्या तंबोऱ्यावर गवसणी चढवली, तिची नाडी गाठ मारून बांधली आणि शिकवणे बंद केले. आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्या राहत असत. सकाळी तिकडून येणारा खरज, खालच्या सा-चा रियाज, थांबला. चहा त्या अजूनही आमच्याकडेच घ्यायला येत, पण पाहुण्यासारख्या, कप विसळून जागेवर ठेवून जात.

तेव्हा काम एवढेच होते: ती नाडी सुटायला हवी होती.

माझा तर्क असा, की शेकडो तासांच्या मुद्रणांत ते यंत्र कुठेतरी चुकले असणार. कुठेतरी तंबोरा, धुरकट का होईना, उरला असणार, आणि अंबूताईंचा आवाज त्यावर अचूक टेकलेला सापडणार. तेवढा एक तुकडा त्यांना ऐकवायचा. ‘दात्याची प्रत’ म्हणून संस्थेने सर्व मुद्रणे एका डिस्कवर घालून दिली होतीच. अडचण माझ्या लॅपटॉपची होती. तो उघडला की त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागे, आणि मी शोधत होते तो आवाज त्या धापेहून बारीक होता.

“म्हणजे तुला आवाज शोधायचाय,” वन्सं म्हणाल्या, “आणि शोधणारं यंत्रच आवाज करतं.”

“हो.”

“मग मुकं यंत्र करू. खात्यात मी नोकरीभर तेच केलं. बोलायचं ते लोकांनी. यंत्रानं नाही.”

अशा रीतीने आमच्या घरी सर्व्हर उभा राहू लागला. हा शब्द ऐकून थंडगार खोलीतली कपाटे डोळ्यांसमोर येतात; आमचा प्रकल्प त्या मानाने दिवाळीच्या किल्ल्यासारखा होता. कल्पना सोपी होती. पडद्याशिवाय आणि कळफलकाशिवाय चालणारा एक छोटा संगणक कोपऱ्यात सदैव जागा राहील, सगळी मुद्रणे पोटात ठेवील, आणि मी आरामखुर्चीत बसून हातातल्या फोनवरून हवे ते मुद्रण मागवीन. वन्संनी घरातला एक मृत लॅपटॉप फाडून त्याचे काळीज बाहेर काढले. पंख्याऐवजी त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या इडलीपात्राची ताटली आवळली, कारण उष्णता बाहेर टाकायला तिच्याइतकी खळगेदार वस्तू त्यांना गावात दिसली नाही. त्या आठवड्यात आम्ही उपमा खाल्ला. डिस्क दोन घेतल्या, एकीवरचे सगळे दुसरीवर हुबेहूब उतरत राहील अशा.

“एकीचं बरंवाईट झालं तरी दुसरी संसार रेटते,” वन्संनी स्पष्टीकरण दिले. आम्ही दोघीही विधवा असल्याने या विनोदावर आमचा हक्क होता आणि तो आम्ही मनसोक्त बजावला.

डिस्क फिरताना गुणगुणतात, म्हणून त्यांना सफरचंदांच्या लाकडी खोक्यात इलास्टिकवर टांगले. मग घराची पाळी आली. फ्रीज व्हरांड्यात गेला. टिकटिकणारे घड्याळ गाद्यांच्या कपाटात गेले आणि तिथे ते उशांना वेळ सांगत राहिले. छताचा पंखा, ऐन चैत्रात, बंद. दारावरून जाणाऱ्या भाजीवालीला वन्संनी विनंती केली की आमच्या घरापुरते तिने ओरडू नये. त्यावर तिने विचारले की कोण आजारी आहे, आणि वन्संनी सांगितले की अजून कोणी नाही, पण आवाज झाला तर सरोज पडेल. दुसऱ्या दिवसापासून ती बिचारी फाटकापाशी येऊन कुजबुजत्या स्वरात मेथी विकू लागली.

शेवटी एका दुपारी सर्व्हर चालू केला. आम्ही दोघी खोक्याशी गुडघे टेकून बसलो. काही ऐकू येईना. वन्संनी पेला पालथा घालून खोक्याला लावला आणि त्याच्या बुडाला कान लावला.

“चालू आहे का?” मी विचारले.

“दिवा लागलाय.”

“दिव्यावर विश्वास ठेवायचा?”

“मी नोकरीभर दुसऱ्या कशावर ठेवला?” वन्सं म्हणाल्या, आणि त्या नीरवतेत आम्ही इतक्या खदखदून हसलो की मागच्या खोलीतून अंबूताईंनी काय पडले म्हणून विचारले.

काही दिवसांतच त्या खोक्यात इडलीच्या ताटलीच्या उबेला एक पाल राहायला आली. आता झाकण असलेली, हवा खेळती ठेवणारी, जाडजूड आणि मुकी पेटी हवी होती. सुताराकडे जाण्याची साधी बुद्धी मला झाली नाही. लाकूड आणि आवाज यांचा जिथे संबंध येतो तिथे मिरजेचा माणूस सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीत जातो. आवाज काढायला ज्याला येते त्याला तो बंद करायलाही येत असणार, असे मी गृहीत धरले. असले गृहीतक एखाद्या विद्यार्थ्याने मांडले असते तर मी त्याचा प्रबंध परत केला असता.

बाबालाल मुजावर हे त्या गल्लीतले नावाजलेले कारागीर, आणि ते नावाजलेले आहेत याची सर्वांत जास्त खबर त्यांनाच होती. मी त्यांना कागदावर आकृती काढून दिली: जाड फळ्या, खाली-वर भोके, आत इलास्टिक अडकवायला आकडे, आणि कोणताही आवाज बाहेर येता कामा नये. त्यांनी आकृतीकडे शिष्टाचारापुरते पाहिले आणि माल मापायला हवा म्हणून डिस्क मागितल्या. वन्संनी त्या वायरींसकट त्यांच्या फळीवर मांडून चालू केल्या. इलास्टिकवरून उतरलेल्या डिस्क फळीला टेकताच गुणगुणू लागल्या. बाबालालभाईंनी हात वर करून शेजारी कानस घासणाऱ्याला थांबवले आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.

“कुणाच्या गळ्यासाठी?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, हा संगणक आहे.

“ते झालं. पण आत राहणार कोण?”

“अंबूताई नेर्लेकरांचं गाणं.”

ते ताठ बसले. अंबूताईंचा तंबोरा त्यांच्या वडिलांनी केला होता. ती गोष्ट त्यांनी आम्हाला पुन्हा एकदा, चहा मागवून, आरंभापासून सांगितली. कोणाचा गळा हे कळल्याशिवाय त्यांच्या घराण्यात कोणी लाकडाला हत्यार लावत नाही, हेही सांगितले. मग माझी आकृती घडी करून त्यांनी टोपीखाली ठेवली. “कळलं, बाई,” ते म्हणाले. काय कळले ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

पेटी येईपर्यंत मी पालीला हुसकावून खोक्यावरच काम चालवले. कानांवर हेडफोन, मांडीवर कागद, घरात स्मशानशांतता. रोज सकाळपासून मी अंबूताईंच्या आवाजाच्या कडांना कान लावून बसे. वन्सं मधूनमधून पाण्याचा पेला ठेवून चवड्यांवर निघून जात. आणि एक दिवस मला तंबोरा सापडला.

तो स्पष्ट होता. धुरकटसुद्धा नव्हता. मी ओरडून वन्संना बोलावले, एक हेडफोन त्यांच्या कानाला लावला, आणि आम्ही दोघी डोके डोक्याला टेकवून ऐकू लागलो. खुंटी कुरकुरली. तार चढली, जास्त चढली, उतरली. अंबूताई कोणाला तरी म्हणाल्या, ‘अजून जरा.’ तार पुन्हा चढली, दुसरीच्या जवळ आली, आणखी जवळ आली, जुळली. आणि जुळल्या क्षणी नाहीशी झाली.

पुढचे मुद्रण काढले. तिथेही तेच. त्याच्या पुढचे काढले. त्या शुद्धीकरण-यंत्राला फक्त स्थिर असलेला आवाज ओळखता येत होता. तंबोरा लागत असताना तो हलता असे, म्हणून यंत्राने त्याला हात लावला नाही. तो लागला, स्थिरावला, की यंत्राने त्याला दोष समजून खरडून काढले. शेकडो तासांच्या संग्रहात बेसूर तेवढा आदराने जतन झाला होता आणि सूर तेवढा दूर करण्यात आला होता. मी आयुष्यभर पुष्कळ संस्थांची ध्येयवाक्ये वाचली आहेत, पण कोणत्याही संस्थेने आपले कार्य इतक्या नेमकेपणाने करून दाखवल्याचे मला आठवत नाही.

“हे ऐकवायचं ताईंना?” वन्संनी विचारले.

“हे ऐकवलं तर तंबोराही कधी लागला नव्हता म्हणतील.”

मी हेडफोन काढून ठेवले. तर्क संपला होता. उरले होते ते एक अत्यंत शांत घर.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास फाटकाशी रिक्षा थांबली. बाबालालभाई मांडीवर चादरीत गुंडाळलेले काहीतरी घेऊन उतरले. पेटी असायला हवी होती, पण चादरीखाली जे होते ते गोल होते. त्यांनी ते टेबलावर ठेवून चादर दूर केली.

तो भोपळा होता. तंबोऱ्याचा असतो तसा, अर्धा कापलेला, मधाच्या रंगाचे पॉलिश केलेला, तोंडावर पातळ लाकडाची तबली बसवलेला. हवेसाठी मी मागितलेली भोके होती. ती पिंपळपानांच्या नक्षीत कोरली होती. पाठीमागे वायरीसाठी छिद्र, त्याला हाडाची चकती. आत दोन्ही डिस्क तबलीखालच्या पट्टीवर घट्ट बसतील अशा खाचा.

“इलास्टिकचे आकडे कुठे आहेत?” मी विचारले.

त्यांनी खिशातून इलास्टिकची व्यवस्थित गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. “हे तुमचं, बाई. एवढ्या मोठ्या घराण्याचा गळा, तो काय परकराच्या नाडीला लटकवायचा?”

वन्सं तोवर डिस्क खाचांत बसवूनही मोकळ्या झाल्या होत्या; भोपळा पाहून त्यांचा स्वतःवरचा ताबा गेला होता. इडलीची ताटली आत चपखल बसली. त्यांनी बटण दाबले.

आधी काहीच झाले नाही. मग डिस्क फिरू लागल्या, वेग आला, आणि भोपळ्याने तो घेतला. तो आवाज मोठा नव्हता; तो सगळीकडे होता. टेबलात होता, फरशीत होता, फळीवरच्या डब्यांत होता. दोन डिस्क केसभर मागेपुढे फिरत असल्याने त्यात एक संथ लाट होती, येत होती आणि जात होती. फ्रीज, घड्याळ, पंखा आणि एका भाजीवालीचा गळा यांचा बळी देऊन मी जी शांतता मिळवली होती, ती एका भोपळ्याने घटकेत भरून टाकली.

मी अतिशय शांत स्वरात बोलू लागले. माझे सहकारी त्या स्वराला घाबरत असत. मी म्हणाले की मी मुकी पेटी सांगितली होती. आकृती दिली होती. आणि लिहून दिलेल्या गोष्टीच्या नेमके उलट करण्याची ही प्रतिभा वाया घालवू नये, तिला एका संस्थेत त्वरित संचालकपद मिळेल.

बाबालालभाईंना ते मुळीच लागले नाही. ते दुखावले गेले होते ते दुसऱ्याच गोष्टीने. “फळीवर ठेवल्यावर बिचारा गुंगत होता, त्याला घर नव्हतं,” ते म्हणाले. “तबली घासून घासून बरोबर त्या पट्टीला आणली. न वाजणारा भोपळा आमच्यात करत न्हाईत. तसला पायजे तर भाजीबाजारात मिळतो.”

वन्सं खुर्चीत कोसळल्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मी इलास्टिकची गुंडाळी हातात घट्ट धरून माझे पुढचे वाक्य मनात रचत होते. तेवढ्यात मागचे दार वाजले. अंबूताई चहासाठी आल्या होत्या.

त्या उंबऱ्यातच थांबल्या.

“तंबोरा कुणी काढला?”

त्यांनी खोलीभर पाहिले. तंबोरा कुठे दिसत नव्हता. त्यांची नजर आमच्यावरून फिरली आणि मग कानामागून चालत टेबलापाशी आली.

“लावलाय छान. काळी तीन, जराशी उतरलेली.” त्या एक पाऊल पुढे आल्या. “पंचम कुठाय?”

काळी तीन, जराशी उतरलेली, ही त्यांची पट्टी. मी ती त्यांच्या मागे बसून आयुष्यभर छेडली होती आणि त्या घटकेपर्यंत, रागाच्या भरात, मला ती ऐकू आली नव्हती. कुठल्याशा परदेशी कारखान्याने ज्या वेगाने फिरायला डिस्कला शिकवले, तो अंबूताईंचा खरज निघाला, यात कारखान्याचे काही कर्तृत्व नाही. फळीवरच्या गुणगुणण्यात तो ओळखणारा माणूस मात्र माझ्यासमोर चादर घडी करत उभा होता.

“पंचम न्हाई, ताई,” बाबालालभाई अदबीने म्हणाले. “दोन्ही तारा खरजाच्याच हायत.”

“हात कुणाचा?”

“भोपळा अब्बांनी वाळवून ठेवलेला. तबली माझी.”

अंबूताई खुर्ची ओढून बसल्या. मग भोपळ्याकडे हनुवटीने खूण करून त्यांनी मला विचारले, “यातच ठेवलंय ना मला?”

“हो, ताई.”

“काढ. मालकंस काढ. त्याला पंचम लागत नाही.”

“दुपारी मालकंस?” वन्संनी विचारले.

“भोपळ्याला काय कळतंय, दुपार की रात्र. लाव.”

फोन माझ्या हातात होता. वन्संनी तो काढून घेतला आणि मालकंस लावला. फोनच्या स्पीकरमधून अंबूताईंचा तरुण आवाज आला, सभागृहात आला होता तसाच, खरडून काढलेला, अंगावर काही नसलेला. तो खोलीत आला. आणि खोलीत खरज होता. आवाज त्या लाटेवर उतरला, अंग सावरले आणि बसला.

संस्थेने उघडे पाडलेले एकूण एक सूर जणू जागचे हललेच नव्हते. गंधार टेकला तिथे टेकलेला राहिला. मध्यमावर त्या थांबल्या तेव्हा फळीवरचा पितळी डबाही थांबल्यासारखा वाटला. बाबालालभाईंनी टोपी काढली. टोपीखालून माझी आकृती फरशीवर पडली आणि तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

अंबूताई डोळे मिटून ऐकत नव्हत्या. आमचे गाणे ऐकताना बसत तशा, भुवया आवळून, मांडीवर बोट ठेवून बसल्या होत्या. आलाप संपला, द्रुत सुरू झाले. एका तानेपाशी त्यांचे बोट उचलले गेले.

“थांबव.”

वन्संनी थांबवले. भोपळा गुणगुणत राहिला.

“मागं घे. हां, इथं. धैवत चढलाय माझा. घाई केलीय.” त्यांनी तो तुकडा पुन्हा ऐकला आणि त्या हसू लागल्या. शिष्येची चूक पकडल्यावर हसत तशा, दातांच्या फटीतून, खोडकर. “चुकलेय गं, सरू. ऐकलंस?”

“ऐकलं.”

“एवढंच चुकलंय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी भोपळ्यावर हात ठेवला, त्याची थरथर तळव्याने तपासली, आणि त्याला फिरवून मागून-पुढून पाहिले. “याची खुंटी कुठाय?”

“खुंटी नाही, ताई,” वन्सं म्हणाल्या. “तो कायम तेवढाच फिरतो.”

“कधी उतरत नाही?”

“नाही.”

“मग तुम्हा सगळ्यांपेक्षा बरा आहे,” असे म्हणून त्या उठल्या. चहा त्यांनी घेतला नाही. मागचे दार त्यांनी उघडेच टाकले, आणि आम्ही तिघे टेबलाभोवती हलायचे विसरून ऐकत राहिलो. तिकडे काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. थोडा वेळ काही नाही. नाडीची गाठ घट्ट बसली होती. मग खुंटी कुरकुरली. एक तार चढली, जास्त चढली, उतरली. भोपळ्याच्या खरजाला त्या पंचम जुळवत होत्या.

वन्सं उठून फ्रीज आत घ्यायला गेल्या.

पुढच्याच आठवड्यात मी संस्थेला एक अहवाल पाठवला. मुद्रणांत आरंभापासून अखेरपर्यंत एक सततची शांतता आढळली. ती संस्थेच्या कार्यपद्धतीमुळे आली असावी. पारंपरिक भोपळ्याच्या साहाय्याने ती समूळ दूर करण्यात आली आहे. पोच आली. संचालकांनी अभिनंदन केले होते.

अंबूताई त्यानंतर शेवटपर्यंत शिकवत राहिल्या. नवी मुलगी आली की आधी तिला माझ्या खोलीत पाठवत, भोपळ्यासमोर बसून सा लावायला. तिथे टिकली तर मागे. त्या गेल्या त्या सकाळीही तो चालूच होता, आणि घरात जमलेल्यांपैकी कोणी तरी तंबोरा बंद करा असे म्हणाले, तेव्हा तंबोरा कुठला हे दाखवायला वन्सं त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या.

अलीकडे डिस्क जुन्या झाल्या. आता बिनफिरत्या, नखाएवढ्या चकत्या मिळतात. त्या तापत नाहीत, थरथरत नाहीत, आणि त्यांना खरोखरच कोणताही आवाज नाही. वन्संनी अंबूताईंचे सगळे गाणे त्यांवर उतरवून ते कपाटाच्या खणात, इलास्टिकच्या गुंडाळीशेजारी ठेवले आहे. तिथून ते हवे तेव्हा ऐकू येते. जुन्या दोन डिस्क वन्संनी पुसून कोऱ्या केल्या आणि परत भोपळ्यात बसवल्या. त्यांच्यात आता काहीही नाही. त्या नुसत्या फिरतात.